परक्या शहरातील मोकळा दिवस

जर्मनीस जावे, तेथील एखाद्या कुटुंबात वर्षभर राहून त्यांची मुले सांभाळावी, त्यायोगे भाषा शिकावी आणि मग पुढील शिक्षणाची वाट धरावी, असा मनोदय बाळगणाऱ्या मुली अलीकडे आमच्याकडे चौकशीस येऊ लागल्या आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केला, तेव्हापासून हिंगोलीसारख्या गावीही जर्मन भाषेचे नाव ऐकू येते. ह्या मुलींचे प्रश्न ठरलेले असतात. विमानाचे भाडे किती, व्हिसा कसा मिळतो, महिन्याकाठी हाती काय पडते. सुटी किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या मते तोच प्रश्न पहिला विचारावयास हवा. तसे का, आणि ती सुटी नाताळापूर्वीच्या दिवसांत मिळाली तर तिचे काय करावे, हे ह्या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

ह्या व्यवस्थेस ‘ओ-पेअर’ असे म्हणतात. शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘बरोबरीने’, ‘समान नात्याने’ असा आहे. म्हणजे येणारी मुलगी चाकर नव्हे आणि पाहुणीही नव्हे. ती घरातील मुलांकडे पाहते, हलकीसलकी कामे करते. त्याबद्दल यजमान कुटुंब तिला राहावयास खोली, जेवण आणि थोडा हातखर्च देते, आणि मुख्य म्हणजे आपली भाषा व आपली चालरीत शिकण्याची संधी देते. मुलगेही ह्या रीतीने जाऊ शकतात, परंतु जातात त्या बहुधा मुलीच, म्हणून आम्ही येथे मुलींविषयीच लिहीत आहो.

जर्मनीच्या नियमांप्रमाणे भारतातून जाणाऱ्या मुलीचे वय १८ पूर्ण झालेले आणि २७ च्या आत असावे लागते. तिला जर्मन भाषेची प्राथमिक पायरी आलेली असावी लागते. मुक्काम कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त एक वर्ष. हातखर्च महिन्यास २८० युरो, शिवाय भाषावर्गासाठी ७० युरोपर्यंत साहाय्य. काम दिवसास सहा तासांहून व आठवड्यास तीस तासांहून अधिक नाही. आठवड्यातून दीड दिवस पूर्ण मोकळा, महिन्यातून निदान एक रविवार मोकळा, आणि आठवड्यातील चार संध्याकाळीही मोकळ्या. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आईबाप रात्री बाहेर गेले, बाळ झोपी गेले आणि मुलगी नुसती पुस्तक घेऊन बसली, तरी ते कामच होय, आणि त्या तीस तासांतच त्याची गणना होते. ‘तू घरीच तर आहेस’ ह्या गोड शब्दांनी पुष्कळांचे मोकळे दिवस गिळले आहेत.

युरोपातील राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे ह्या विषयावर एक करारनामा तयार केला. त्यात आठवड्यास एक पूर्ण दिवस सुटी, महिन्यातून एक तरी रविवार, आणि उपासनेस जाण्याची पूर्ण मुभा ही कलमे स्पष्ट घातली आहेत. ज्या गोष्टी आपोआप मिळतात त्यांसाठी कोणी करार करीत नाही. नॉर्वेने तर २०२४ च्या मार्च महिन्यात युरोपबाहेरील मुलींसाठी ही योजनाच बंद केली. कारण बरोबरीच्या नात्याच्या नावाखाली स्वस्त मोलकरीण मिळविण्याचे ते साधन झाले, असे तेथील सरकारास आढळले.

आता थोडे मागे जाऊ. परक्यांची मुले सांभाळीत समुद्रापार जाणे हे आमच्या भागास वाटते तितके नवे नाही. हिंगोलीस एकोणिसाव्या शतकात हैदराबाद काँटिंजंट फौजेची छावणी होती. ती १९०३ साली उठली, परंतु पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे अद्याप आमच्या जिभेवर आहेत. देशातील अशा सर्व छावण्यांत साहेबांच्या बंगल्यांवर मुले सांभाळावयास आया असत. ‘आया’ हा शब्दही मूळचा पोर्तुगीज. तो येथे इतका मुरला की आता तो आम्हांस परका वाटत नाही. साहेबाचे कुटुंब विलायतेस निघाले की मुलांसाठी आया बरोबर घेत. बोटीवरील कित्येक आठवडे, लागणारी बोट, रडणारी मुले, आजारी मडम, हे सर्व तिने निभवावयाचे. आंतोनी पेरेरा नावाच्या एका आयेने भारत व इंग्लंड ह्यांमधील हा प्रवास ५४ वेळा केल्याचे नमूद आहे. ५४ वेळा लंडनच्या वाटेवर गेलेल्या त्या बाईने लंडन किती पाहिले असेल?

बोट लागली की बहुतेक कुटुंबांस आयेची गरज उरत नसे. काही भली माणसे तिच्या परतीच्या तिकिटाची व्यवस्था करीत. काही करीत नसत. १९०८ साली एका आयेस तिच्या मालकांनी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर हाती एक पौंड देऊन सोडून दिल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. अशा स्त्रियांसाठी लंडनमध्ये ‘आयांचे घर’ चालत असे. प्रथम ते आल्डगेट भागात होते; १९०० साली लंडन सिटी मिशनने ते हॅकनी भागातील किंग एडवर्ड रस्त्यावर नेले. तेथील कारभार मोठा युक्तीचा होता. आया आपले परतीचे तिकीट घराच्या व्यवस्थापक बाईकडे देई. हिंदुस्थानात परतणाऱ्या एखाद्या कुटुंबास आयेची गरज लागली की ते तिकीट त्या कुटुंबास विकत दिले जाई, आणि आलेल्या पैशांतून तिच्या तोपर्यंतच्या राहण्याजेवण्याचा खर्च भागे. २०२२ साली त्या वास्तूवर स्मरणार्थ निळी फलकचकती बसविण्यात आली.

त्या घरातील आयांस मोकळा वेळ नव्हता असे कोण म्हणेल? आठवड्यामागून आठवडे त्यांस दुसरे काम नव्हते. परंतु तो वेळ वाट पाहण्याचा होता. शहर बाहेर पसरलेले, अंगावर सुती लुगडे, भाषा तोडकीमोडकी, आणि कोणते कुटुंब केव्हा निघेल ह्याचा भरवसा नाही. बहुतेक कुटुंबे शरद ऋतूत हिंदुस्थानाकडे निघत. तेव्हा डिसेंबरच्या काळोखात त्या घरी उरलेल्या आयेस खिडकीबाहेरील नाताळाची रोषणाई पाहून काय वाटत असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. रिकामा वेळ आणि मोकळा वेळ ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर परतीचे तिकीट, हातातील चार नाणी व लेखी शब्द ह्यांनी पडते.

त्याच काळात बरोबरीच्या नात्याने विलायतेस गेलेली एक मराठी स्त्री मात्र आम्हांस ठाऊक आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या, त्या वाँटेज येथील भगिनीमंडळाच्या आश्रयाने. तेथे फुकट राहण्याचे त्यांनी नाकारले. हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींस आपण मराठी शिकवू आणि त्याच्या मोबदल्यात आपल्या राहण्याची व इंग्रजी शिकण्याची सोय व्हावी, असा त्यांचा ठराव होता. बोटीचे भाडेही आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ ह्या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभे केले. ओ-पेअर हा शब्द त्यांनी ऐकला असेल असे आम्हांस वाटत नाही, परंतु व्यवहार तोच होता. फरक एवढाच की रमाबाई पंडिता होत्या, आपल्या अटी आपण घालू शकत होत्या. सर्वसाधारण मुलीसाठी त्या अटी कोणी तरी कागदावर लिहून ठेवाव्या लागतात. म्हणून करारपत्र हाती आले की हातखर्चाच्या आकड्याखालील ओळही वाचावी, आणि घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मोकळा दिवस कोणता, हे यजमानांस सरळ विचारून घ्यावे. जर्मन लोक ह्या प्रश्नाने रागावत नाहीत. उलट न विचारणाऱ्याचा त्यांस उलगडा होत नाही.

आता तो दीड दिवस हाती आला असे समजू, आणि महिना डिसेंबरचा आहे असेही समजू. जर्मनीतील प्रत्येक शहराचे वर्णन करणे शक्य नाही. उदाहरणादाखल एल्ब नदीकाठचे ड्रेस्डेन घेऊ, कारण तेथील नाताळाचा बाजार अतिशय जुना आहे.

परंतु त्याआधी उजेडाविषयी. डिसेंबरात तेथे सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजण्याच्या सुमारास मावळतो. दुपारी एक वाजता सुटी सुरू झाली तर उजेडाचे तीनच तास उरतात. अनेक नव्या मुली पहिले काही आठवडे मोकळ्या दिवशी अंथरुणातच राहतात. थंडी असते, अंधार असतो, घरची आठवण येते, आणि फोनवर हिंगोलीची माणसे भेटतात. ह्याचा परिणाम असा होतो की मुलगी घरातच आहे असे पाहून कोणी तरी सहजच मूल तिच्या हाती देते. मोकळ्या दिवशी बाहेर पडणे हा सुटी राखण्याचाही सर्वांत सोपा उपाय आहे. जाड बूट, कानावर टोपी, आणि निघावे.

पैशाचाही हिशोब सांगून टाकतो. सबंध देशभर ट्राम, बस व साध्या आगगाड्यांस चालणारे मासिक तिकीट २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंस सुरू झाले; २०२५ साली ते ५८ युरोंस मिळत होते. २८० युरोंतून ५८ गेले म्हणजे पाचवा हिस्सा गेला; तरी आमच्या मते हा पैसा वाया जात नाही, कारण त्या एका तिकिटावर मोकळ्या दिवशी कोठेही जाऊन संध्याकाळी परत येता येते. काही कुटुंबे हे तिकीट स्वतः काढून देतात. विचारण्यास हरकत नाही.

ड्रेस्डेनचा बाजार जुन्या चौकात, म्हणजे आल्टमार्क्टवर भरतो. १४३४ साली सॅक्सनीच्या इलेक्टरने नाताळापूर्वीच्या सोमवारी एक दिवसाचा बाजार भरविण्याची परवानगी दिली, तेथून त्याचा आरंभ. त्याचे नाव ‘स्ट्रिट्सेलमार्क्ट’. स्ट्रिट्सेल म्हणजे ज्याला आता स्टोलन म्हणतात तो बेदाणे व सुकामेवा घातलेला, वर पिठीसाखर पेरलेला लांबट पाव. ह्या पावाची एक गंमतीची कथा आहे. नाताळापूर्वीचे आठवडे पूर्वी उपासाचे असत व त्यांत लोणी निषिद्ध असे. त्यामुळे पाव तेलात भिजवावा लागे व तो कोरडा लागे. पोपकडे अर्ज करण्यात आला, आणि १४९१ साली लोण्याची परवानगी देणारे पत्र आले. पत्रामुळे पाव मऊ झाला, असे हे इतिहासातील एक विरळ उदाहरण होय. १७३० साली सॅक्सनीच्या इलेक्टरने सुमारे १८०० किलो वजनाचा एक स्टोलन भाजविला होता. त्याच्या आठवणीने अजूनही दुसऱ्या आगमन-रविवारच्या आदल्या शनिवारी प्रचंड स्टोलन मिरवीत आणून कापतात.

हिंगोलीच्या मुलीस हा बाजार पाहून आमचा दसरा आठवल्याशिवाय राहणार नाही. तेच लाकडी दुकानांचे बोळ, तेच फिरते पाळणे, तोच तळणाचा व भाजलेल्या साखरेचा वास; केवळ धुळीच्या जागी ओलसर थंडी. गरम पेयाचा पेला घेतला की पेल्याची अनामत आगाऊ घेतात व पेला परत केला की ती परत देतात. हे ठाऊक नसल्यामुळे किंमत दुप्पट वाटून कित्येक मुली दुकानावरून परततात. द्राक्षरस नको असेल तर मुलांसाठीचे फळांचे गरम पेय मागावे.

तेथे सुक्या आलुबुखाराची ओवलेली छोटी माणसे विकावयास असतात. ती काळ्या धुराड्यावाल्यांची रूपे होत. मागे ती गरीब मुले घरी करून थंडीत उभी राहून विकीत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांकडून असे विकविणे बंद करण्यात आले. लाकडी मनोरे, ज्यांत मेणबत्तीच्या उष्णतेने वरचे पाते फिरते व त्याबरोबर मेंढपाळांच्या मूर्ती फिरतात, ते जवळच्या खनिजपर्वतांतून येतात. तेथील खाणकामगार पहाटे अंधारात खाली उतरत व अंधार पडल्यावर वर येत. हिवाळ्यात त्यांस सूर्य दिसत नसे. खाणी ओसरू लागल्या तेव्हा त्यांनी लाकूडकोरणी हाती घेतली, आणि खिडकीत दिवा ठेवण्याची त्यांची हौस साऱ्या देशास लागली.

ह्याहून अधिक आमच्या शाळेस जवळची वस्तू म्हणजे कागदी तारा. आपल्या वस्तीतही नाताळात घरोघर तारे टांगतात. ड्रेस्डेनहून पूर्वेस हेर्नहूट हे मोरेव्हियन बंधुसमाजाचे गाव आहे, आणि तेथील तारा सर्व जर्मनीत प्रसिद्ध आहे. त्याला २५ टोके असतात. त्यांपैकी १७ चौकोनी पायाची व ८ त्रिकोणी पायाची. हा तारा प्रथम एकोणिसाव्या शतकात नीस्की येथील ह्याच समाजाच्या शाळेत तयार झाला, तो भूमितीच्या अभ्यासासाठी. ज्यांस भूमिती निरुपयोगी वाटते अशा आमच्या नववीच्या वर्गास हे मुद्दाम सांगतो.

हिरव्या फांद्यांचे कडे व त्यावर चार मेणबत्त्या, हेही घरोघर दिसेल. नाताळापूर्वीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती अधिक लावतात. ही चाल हाम्बुर्गच्या योहान विखर्न ह्या धर्मोपदेशकाने १८३९ साली सुरू केली. तो निराधार मुलांचे आश्रमगृह चालवी. ‘नाताळ केव्हा’ असे मुले रोज विचारीत, म्हणून त्याने गाडीच्या चाकावर रविवारांसाठी मोठ्या व इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावून त्यांस दिवस मोजावयास शिकविले. परक्यांची मुले सांभाळणाऱ्या मुलीस हा इतिहास उपयोगी पडेल. तीन वर्षांच्या जर्मन बालकाशी बोलावयास ह्याहून चांगला विषय नाही.

रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात. नव्या माणसास हे शहर मेले की काय असे वाटते. परंतु नाताळाचा बाजार रविवारीही चालू असतो, आणि संग्रहालये उघडी असतात. ती बहुधा सोमवारी मिटतात, म्हणून सुटी सोमवारी पडत असेल तर आधी चौकशी करावी. ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहात राफाएलने काढलेले मरियेचे प्रसिद्ध चित्र आहे. ते १७५४ साली तेथे आले. नाताळाच्या कार्डांवर हनुवटी हातावर टेकून वर पाहणारे जे दोन लहान देवदूत आपण शेकडो वेळा पाहिले आहेत, ते ह्याच चित्राच्या तळाशी आहेत. मूळ चित्रात ते इतके लहान व इतके कंटाळलेले दिसतात की हसू येते.

फ्राउएनकिर्खे हे मंदिर मात्र कोणीही चुकवू नये. १७४३ साली पूर्ण झालेले हे दगडी घुमटाचे मंदिर १९४५ च्या फेब्रुवारीतील बाँबहल्ल्यानंतर कोसळले. सुमारे पन्नास वर्षे त्याचा ढिगारा तसाच पडून होता. मग एकेक दगड ओळखून, जुने ठेवून, नवे घालून ते पुन्हा उभारले, आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी त्याचे समर्पण झाले. काळे दगड जुने, फिकट दगड नवे. भिंतीवर ते ठिपक्यांसारखे दिसतात. घुमटावरील क्रूस लंडनच्या एका सोनाराने घडविला. त्याचा बाप बाँब टाकण्यास गेलेल्या विमानांपैकी एकाचा वैमानिक होता. १९९३ पासून २३ डिसेंबरच्या संध्याकाळी ह्या मंदिरासमोरील चौकात उघड्यावर उपासना होते. आरंभी ती ढिगाऱ्यासमोर होत असे. तेथे ओळखदेख लागत नाही, तिकीट लागत नाही. थंडीत उभे राहण्याची तयारी लागते.

गर्दीच्या तोंडाशी मोठे काँक्रीटचे ठोकळे दिसतील. २०१६ साली बर्लिनच्या व २०२४ साली माग्डेबुर्गच्या नाताळबाजारात वाहने घुसवून माणसे मारण्यात आली, त्यामुळे हा बंदोबस्त आहे. घरच्यांनी फार घाबरू नये, परंतु मुलीने आपण कोठे जात आहो हे यजमानांस सांगून निघावे.

नाताळापूर्वीच हे सर्व पाहून घ्यावे असे आम्ही म्हणतो, त्यास कारण आहे. आपल्याकडे नाताळ म्हणजे २५ तारीख, आणि गर्दी, गाणी, भेटीगाठी त्या दिवशी. जर्मनीत खरा सण २४ तारखेच्या संध्याकाळी घराच्या दारांमागे होतो. त्या दिवशी दुपारी दुकाने मिटतात, बाजारही आवरतो, रस्ते ओस पडतात. त्या संध्याकाळी यजमानांबरोबर झाडाभोवती बसावयाचे की नाही, हे आधीच बोलून ठेवावे. त्यांचे आजीआजोबा येणार असतील आणि आपणांस एकटे राहावयाचे असेल, तर तेही मनात न ठेवता सांगावे. जवळच्या मंदिरातील संध्याकाळच्या उपासनेची वेळ दारावर लावलेली असते व ती सर्वांस खुली असते. घरी फोन करावयाचा असेल तर हिशोब सोपा आहे. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या मागे साडेचार तास असते. तेथे दुपारी दोन वाजता दुकानदार फळ्या लावू लागतात, तेव्हा हिंगोलीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात.